पैठणच्या अलीकडचे गाव

महाविद्यालयातला पहिला आठवडा ओळख सांगण्यातच जातो. नाव सांगायचे, शाळा सांगायची, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "गाव कोणतं?" मी दर वेळी एकच उत्तर दिले, "पैठण."

हे उत्तर पुरते खरे नव्हते. आमचे गाव पैठण तालुक्यात आहे, पण पैठण नव्हे. गाडी फाट्यावर सोडते आणि पुढे मैलभर पायी चालावे लागते. गावाचे खरे नाव सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा राहतो. मग तालुका सांगावा लागतो, आणि तालुका सांगितला की तोच चेहरा उजळतो. तेव्हा सुरुवातच उजेडापासून का करू नये, असा माझा साधा हिशेब होता.

आणि खरोखर, या एका नावाने माझे किती स्वागत झाले! अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "मग घरात पैठणी असेलच!" इतिहासाच्या सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "सातवाहनांची राजधानी! तुझ्या पायाखाली दोन हजार वर्षं आहेत, ठाऊक आहे का?" मराठीच्या सरांनी नुसते हात जोडले. "नाथांचं गाव," एवढेच ते म्हणाले. वसतिगृहातली माझी खोलीसोबतीण म्हणाली, "म्हणजे जायकवाडी ना? आम्ही शाळेच्या सहलीला आलो होतो."

चार माणसे आणि चार पैठण. यांतले एकही पैठण मी नीट पाहिलेले नव्हते. पैठण म्हणजे माझ्या लेखी आठवड्याचा बाजार, बसस्थानक आणि षष्ठीची जत्रा. ज्या नावाच्या सावलीत मी उभी होते, ते नाव निदान समजून तरी घ्यावे, असे मला वाटू लागले. हा लेख म्हणजे त्या समजून घेण्याचाच प्रवास आहे. तो संपला मात्र भलत्याच ठिकाणी.

एके दिवशी मराठीच्या सरांनी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले : प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण. "वरचा शब्द संस्कृत, मधला प्राकृत आणि खालचा आपला," सर म्हणाले. प्रतिष्ठान म्हणजे पक्के उभे राहण्याची जागा, अढळ स्थान. प्रयागजवळ झुसी येथेही पुराणांतले एक प्रतिष्ठान आहे. पुरूरव्याची राजधानी म्हणून ते सांगितले जाते. पण त्या नावाची ही मराठी वाट फक्त गोदाकाठीच चालली. मधली जोडाक्षरे गळाली, कडा बोथट झाल्या आणि चार अक्षरी वजनदार शब्दाचा तीन अक्षरी सुटसुटीत शब्द झाला. नदीतला गोटा झिजून गुळगुळीत व्हावा तसा!

हे नाव फार दूरवर गेलेले आहे. सुत्तनिपात या प्राचीन पाली ग्रंथात बावरी नावाच्या ब्राह्मणाचे शिष्य गोदाकाठाहून बुद्धाच्या भेटीला उत्तरेकडे निघतात. त्यांच्या वाटेवरच्या ठाण्यांची तिथे यादी आहे. तिच्यात पहिले ठाणे आहे पतिट्ठान, मग माहिष्मती, मग उज्जयिनी. ती यादी वाचताना मला बसस्थानकावरच्या पाटीची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्यात हे गाव 'पैठाना' म्हणून येते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ते आहे आणि तिथून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला येतात, असे तो सांगतो. दुसऱ्या शतकातला टॉलेमी त्याला 'बैठाना' म्हणतो आणि तिथल्या राजाचे नावही देतो. ते श्री पुळुमावी या सातवाहन राजाच्या नावाचे ग्रीक रूप आहे. परदेशी माणसाच्या कानावर 'प्रतिष्ठान' पडलेच नाही. पडले ते बाजारातले, गाडीवानाच्या तोंडचे नाव. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच लोकांनी 'पैठण'कडे चालायला सुरुवात केली होती!

नावे बदलतात, हे आमच्या भागातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. शेजारच्या देवगिरीचे 1327 साली मुहम्मद तुघलकाने दौलताबाद केले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा औरंगाबाद आहे आणि यंदाच्या अर्जावर छत्रपती संभाजीनगर. हा बदल 2023 चा. ही नावे राजाज्ञेने नाही तर शासनाच्या निर्णयाने बदलली. प्रतिष्ठानचे पैठण मात्र कोणी हुकूम काढून केले नाही. ते बोलणाऱ्यांच्या जिभेवर झाले.

मग मी राजधानी पाहायला निघाले. ज्या गावी बाजाराला शंभर वेळा गेले, तिथे पहिल्यांदाच 'पाहायला' गेले. खरे सांगते, निराशा झाली. राजवाडा नाही, तट नाही, सिंहासनाची जागा नाही. निजामाच्या काळात, 1937 च्या सुमारास, इथे उत्खनन झाले. पुढे 1965 साली आणि 1990 नंतरच्या दशकातही झाले. मणी, नाणी, विटांची बांधकामे मिळाली. पण गावातून हिंडताना दिसतात त्या अरुंद गल्ल्या, उतरत जाणारे घाट आणि जुने वाडे. ज्या घराण्यातल्या गौतमीपुत्राने नहपान क्षत्रपाला हरवून त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारला, त्या घराण्याची ही राजधानी? नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर हा दुहेरी छाप आहे. नाण्यांवर नाव सापडते, लेण्यांत नाव सापडते. राजधानीत मात्र राजा सापडत नाही!

परत आल्यावर मी इतिहासाच्या सरांकडे तक्रार केली. ते हसले आणि म्हणाले, "तू दगड शोधत होतीस. वारसा कानांनी शोध."

सरांचे म्हणणे मला हळूहळू उमगले. कथासरित्सागरात सातवाहन राजाची एक गोष्ट आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, "मोदकैः" म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याने मोदकांची ताटे मागवली! राणी हसली, राजा खजील झाला आणि त्याने संस्कृत शिकण्याचा ध्यास घेतला. त्याच्या पदरच्या गुणाढ्याने सहा वर्षे लागतील म्हणून सांगितले; शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने पैज लावली आणि हरला. पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा, तिन्ही सोडल्या. मग पैशाची भाषेत, शाई नव्हती म्हणून रक्ताने, त्याने बृहत्कथा लिहिली. राजाने ती भाषा हलकी म्हणून नाकारली. गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. सात लाखांपैकी सहा लाख श्लोक जळाल्यावर राजाला पश्चात्ताप झाला. एक लाख तेवढे वाचले.

गोष्ट आहे, इतिहास नव्हे. पण ही गोष्ट याच राजाच्या नावावर का सांगितली गेली असेल? कारण याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे. सातशे गाथा, आणि त्या महाराष्ट्री प्राकृतात, आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत! 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पुराव्यात हिचे नाव अग्रभागी होते. मी ग्रंथालयातून तिचा अनुवाद आणला. राजाने जमवलेल्या कविता म्हणजे दरबार, हत्ती आणि स्तुती असणार, असे वाटले होते. निघाले भलतेच. शेतावर राखणीला बसलेली मुलगी, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई, पावसाने गळणारे घर, तागाची आणि भाताची शेते, गोदावरीचा पूर. गोदावरीला तिथे 'गोला' म्हटले आहे. राजधानीच्या राजाने जपून ठेवले ते शेतकऱ्याच्या घरातले सुखदुःख. म्हणूनच की काय, राजवाडा गेला आणि ते राहिले.

पैठणला पंडितांचाही तोरा होता. ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी आली ती इथल्याच ब्रह्मसभेपुढे, आणि रेड्यामुखी वेद वदवल्याची आख्यायिका इथल्याच घाटावरची. चक्रधरस्वामींच्या कितीतरी लीळा याच गल्ल्यांतल्या आहेत. आणि सोळाव्या शतकात याच पंडितांच्या शेजारी राहून एकनाथांनी भागवत मराठीत आणले, शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शिवाय विंचू, जोशी, वासुदेव यांच्या तोंडून भारुडे गायली. वाळवंटात पाय भाजणाऱ्या अंत्यजाच्या लेकराला कडेवर घेणारे नाथ आमच्याकडे पुस्तकात वाचावे लागत नाहीत, आज्या सांगतात. माझीही आजी सांगायची. राजाने नाकारलेली भाषा, पंडितांनी हिणवलेली भाषा, तीच इथून पुन्हा पुन्हा उठली. मला वाटते, प्रतिष्ठान हे नाव झिजून पैठण झाले, हीच या गावाची खरी प्रतिष्ठा आहे.

आजीचा विषय निघालाच आहे, तर पैठणीचे सांगते. पैठणला मी माग पाहिला. कारागीर बाई रेशमाच्या ताण्यावर रंगारंगाच्या बारीक कांड्या हाताने फिरवीत पदरावरचा मोर विणीत होत्या. एका दिवसात बोटभरच काम पुढे सरकते. अस्सल पैठणीची खूण म्हणजे पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. आता येवल्यातही मोठ्या प्रमाणावर ती विणली जाते, पण नाव पैठणचेच. गाव सोडून निघालेल्या कारागिरीने जाताना गावाचे नाव बरोबर नेले! अर्थशास्त्राच्या मॅडमना मला सांगायचे राहून गेले की आमच्या घरात पैठणी नाही. पैठण तालुक्यात जन्म काढलेल्या माझ्या आजीने आयुष्यात एकदाही पैठणी नेसली नाही. तिला मी पुढे कधीतरी घेऊन देईन म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला गं? मोर मी रानात लई पाह्यलेत."

आजीच्या वाट्याचे पैठण वेगळे होते. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांची समाधी. त्या जत्रेला ती न चुकता जायची. नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने नाथांघरी पाणी भरले, असे मानतात. तुकाराम बीजेपासून लोक त्या रांजणात पाणी घालू लागतात. रांजण भरून वाहिला की देव येऊन गेला असे समजायचे. आजी आपल्या तांब्याचे पाणी त्यात घालायची आणि मला म्हणायची, "कुनाच्या तांब्यानं भरला ते कळत न्हाई बाई. आपला बी असंल." तेव्हा मी हसले होते.

आणि आता चौथे पैठण, माझ्या खोलीसोबतिणीचे. जायकवाडी! या नावाची एक गंमत आहे. निजामाच्या राज्यात गोदावरीवर धरण बांधायचे ठरले ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या खेड्याजवळ. पुढे जागा बदलली आणि धरण शंभर किलोमीटरहून अधिक वर, पैठणला आले. जागा सुटली, नाव सुटले नाही. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सत्तावीस दरवाजे, दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा बांध, आणि मागे समुद्रासारखा जलाशय, नाथसागर. मराठवाड्याची तहान भागवणारे हे पाणी आहे. माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या गावांना ते जाते. त्या पाण्याला मी नावे कशी ठेवू?

पण त्या पाण्याखाली आमचे गाव आहे.

आजी तेव्हा दोन लेकरांची आई होती. गाव उठले, वर माळावर नव्याने वसले आणि त्याने जुनेच नाव घेतले. जायकवाडीसारखीच गोष्ट : जागा गेली, नाव वर आले. म्हणून गावाच्या नावाचे मला दुःख नाही, ते एस. टी.च्या पाटीवर आहे, मतदार यादीत आहे. वर आली नाहीत ती वावरांची नावे. माळावरच्या जमिनीला गट नंबर मिळाले. जुन्या जमिनीलाही कागदावर नंबरच होते. नावे फक्त माणसांच्या तोंडी होती.

2019 च्या उन्हाळ्यात दुष्काळाने नाथसागर आटत आटत तळाला गेला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आजीने हट्टच धरला, "मला खाली घिऊन चल." बाबा नको म्हणत होते, पण मी तिच्याबरोबर गेले. भेगाळलेला गाळ, शिंपले, माशांचे काटे, मधेच एखाद्या जोत्याचे दगड. मला सगळे सारखेच दिसत होते. आजी मात्र एका ठिकाणी थांबली आणि तिने चपला काढल्या. भर उन्हात! मी ओरडले, "आजी, पाय भाजतील!" ती म्हणाली, "वावरात चपला घालून जातेत व्हय?" पुढे एका विहिरीचे कडे दिसले, गाळाने गळ्यापर्यंत भरलेले. त्याच्यावर हात ठेवून तिने चारी दिशांना बोट दाखवत नावे घेतली. एखाद्या बाईने देवापुढे नावे घ्यावीत तशी, न अडखळता. कुठे हरभरा, कुठे शाळू, कोणत्या वावरात तिला सर्प दिसला, कोणत्या बांधावर माझ्या मोठ्या आत्याचा पाळणा टांगलेला असायचा, सगळे तिने सांगितले. मी कंटाळले होते. मला तहान लागली होती. मी म्हणाले, "चल ना आजी, इथं काहीच नाही."

ती काही बोलली नाही. तिने चपला हातातच धरल्या आणि परत निघाली.

गेल्या मार्गशीर्षात आजी गेली. दहाव्याला आम्ही पैठणच्या घाटावर गेलो. उत्तरकार्याच्या पत्रिकेत काय छापायचे, हे ठरत होते. कोणीतरी म्हणाले, "गावाचं नाव कशाला? पाहुण्यांना कळायचं नाही. पैठण टाका." मी मान डोलावणार, तोच माझ्या लक्षात आले की दोन वर्षे मीही हेच करते आहे. पत्रिकेवर गावाचे नाव घालायला मी लावले. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. आजीची वावरे आठवू लागले आणि पाचांपलीकडे मला नावे येईनात. तिने किती घेतली होती? सात? आठ? आत्याला विचारले, तिला तीन येत होती. बाबांना दोन. नवे नाव कोणाकडेच निघाले नाही. प्रतिष्ठान दोन हजार वर्षे टिकले, कारण गाडीवानांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्षूंनी, विणकरांनी, वारकऱ्यांनी ते तोंडात ठेवले. आमच्या वावरांची नावे ठेवायला एकच तोंड होते आणि ते नावे सांगत असताना मी म्हणाले होते, इथे काहीच नाही.

गुणाढ्याची गोष्ट आता मला निराळी वाटते. सहा लाख जळाले याचा दोष राजाला देतात. तो वाचून दाखवत होता आणि ऐकायला माणूस आला नाही, ही खरी गोष्ट. राजा उशिरा का होईना, आला. मीही उशिराच आले.

पण आले आहे. आपल्या वार्षिक अंकाच्या पानावर, गाथांतल्या त्या निनावी बायांच्या आणि माझ्या आजीच्या एकाच नदीकाठची, मला आठवणारी पाच नावे लिहून ठेवते. एकाही सातबाऱ्यावर ती नव्हती. छापील कागद त्यांना पहिल्यांदाच मिळतो आहे.

चिंचेची पट्टी. डोहाकडचे. म्हसोबाची काळी. बाभळवट. थोरलीचा तुकडा.

आता कोणी गाव विचारले तर मी आमच्या गावाचे नाव सांगते. समोरचा चेहरा कोरा राहतो. मग मी म्हणते, "पैठणच्या अलीकडे," आणि त्याला वेळ असला तर पुढचे सांगू लागते.